दुसऱ्या तारेचे नाव संत्रा

नागपूरच्या प्रताप नगरातल्या आमच्या गल्लीत इंटरनेटची तार ज्या खांबावरून येते, त्या खांबावर दोन वर्षे दुधाची रिकामी पिशवी बांधलेली होती. पिशवीत तारेचा सांधा होता. सांधा जोडून झाल्यावर कंपनीच्या माणसांनी ‘डबा उद्या आणून बसवतो’ असे सांगितले होते. उद्या या शब्दाला आमच्याकडे मुदत नसते, त्यामुळे कोणी पाठपुरावा केला नाही. वारा सुटला की पिशवी फडफडायची आणि गल्लीतली घरे इंटरनेटवाचून बसायची. वारा पडला की सगळे पूर्ववत. हळूहळू लोक याला हवामान समजू लागले.

शेजारच्या घरात मात्र हा प्रश्न हवामानाचा राहिला नव्हता.

शेजारी काका-काकू, त्यांचा मुलगा आणि सून राहतात. काका सरकारी कचेरीतून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झाले. परिपत्रकात काय लिहिले आहे यापेक्षा काय लिहिलेले नाही, हे शोधण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते, असे त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांचे मत आहे. मुलगा जवळच्याच हिंगण्याच्या कारखान्यात पाळीने जातो. सून पुण्यातल्या एका कंपनीचे काम घरी बसून करते. लग्नानंतर तिला नागपुरातून काम करण्याची परवानगी मिळाली, ती तात्पुरती होती. बैठकीत तिचे बोलणे अर्ध्यावर तुटू लागले, पडद्यावरचा तिचा चेहरा तोंड उघडे ठेवून थिजू लागला. शेवटी तिच्या वरच्या बाईंनी सांगितले की लाइन सुधारा, नाहीतर पुढच्या महिन्यापासून पुण्याच्या कचेरीत या. निर्णयाची बैठक ठरली, दुपारी चार वाजता.

ती पुण्याला गेली असती तर नवरा हिंगण्याला, बायको पुण्याला आणि लग्न खासगी बसच्या वेळापत्रकावर, अशी स्थिती होती. काकूंनी त्यात एक भीती स्वतःची घातली होती. सून गेली की काका दिवसभर त्यांच्याशीच बोलतील.

इंटरनेट कंपनीकडे सुनेच्या तक्रारी सुरूच होत्या. बैठकीच्याच दिवशी सकाळी दोन माणसे डबा घेऊन येतील, असे कळवण्यात आले. ती जेवणाच्या सुमारास आली. एक सांधे जोडणारा, पन्नाशीकडे झुकलेला, अंगाने भरलेला. दुसरा शिडीवाला, उंच आणि किडकिडीत, बोलणे कमी पण सूचना पुष्कळ. खांब माझ्या फाटकाला लागून आहे आणि पोर्चमध्ये सावली, टेबल आणि विजेचे सॉकेट आहे, म्हणून काम तिथे मांडले गेले. जे घडले ते त्यामुळे माझ्यासमोर घडले.

शिडीवाल्याने काकांची एक प्लास्टिकची खुर्ची रस्त्यात आडवी टाकली, म्हणजे दुचाक्या शिडीला खेटून जाणार नाहीत. मग शिडी लावली, तिचे वरचे टोक दोरीने खांबाला बांधले, हेल्मेट चढवले, कंबरेचा पट्टा खांबाभोवती फिरवून अडकवला आणि विजेच्या तारा वर किती लांब आहेत ते मान वाकडी करून दोनदा पाहिले. खाली काका शिडी धरून उभे होते. शिडी बांधलेली असल्यामुळे ती धरण्याची गरज नव्हती. तसे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी हात काढला नाही.

पिशवी खाली आली. आत मुंग्यांनी संसार थाटला होता.

“हे कोनं केलं बे?” सांधेवाल्याने विचारले.

“आपनच,” शिडीवाला वरून म्हणाला.

सांधेवाल्याने पिशवी पायाने बाजूला सारली. “तवा डबे संपले होते,” त्याने काकांना सांगितले.

“मी काही म्हटलं का?” काका म्हणाले.

या वेळी डबा होता. काळा, जाड प्लास्टिकचा, घुमटासारख्या डोक्याचा, उंचीने लोणच्याच्या मोठ्या बरणीएवढा. काकूंनी तो हातात घेऊन झाकण फिरवून पाहिले आणि आतला रबराचा वाटोळा पट्टा दाबून पाहिला.

“झाकण मस्त बसते,” त्या म्हणाल्या. “एक जास्तीचा असला तं ठेवून जाजा.”

“काकू, ह्यात लोनचं नाही घालत,” सांधेवाला म्हणाला.

“मले समजते ते. म्हणून तं जास्तीचा मागून राहिली.”

खांबावर गुंडाळून ठेवलेली जास्तीची तार सोडून टेबलापर्यंत आणण्यात आली. सांधा जमिनीवर, सावलीत जोडायचा आणि डबा बंद करून मगच वर चढवायचा, अशी पद्धत आहे. सांधेवाल्याने डोळ्यांवर प्लास्टिकचा चष्मा चढवला. झाकणाची एक छोटी बाटली टेबलावर ठेवली. मग शर्टाच्या खिशातून खऱ्याची, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीची, पुडी काढून ती हत्यारांच्या पिशवीच्या तळाशी घातली आणि चेन ओढून घेतली. नागपुरात यापेक्षा मोठी सुरक्षेची खबरदारी माझ्या पाहण्यात नाही.

“आता ऐकून घ्या,” तो जमलेल्यांना म्हणाला. जमलेले म्हणजे काका, काकू आणि मी. “ही तार काचेची आहे. केसासारखी बारीक. कापली का तिचे तुकडे पडते. बोटात गेला तं दिसत नाही, पोटात गेला तं निघत नाही. म्हणून तुकडे ह्या बाटलीत. टेबलावर हात कोनी फिरवायचा नाही. तारेच्या तोंडात कोनी पाहायचं नाही, उजेड दिसत नाही पण डोळा जाते. आन इथं खायचं नाही.”

“खायचं नाही,” काका म्हणाले.

“नाही.”

“चहा?”

“चहा बी नाही. तिकडं जाऊन प्या.”

काकांनी मान हलवली. नियम त्यांच्याकडे नोंदला गेला होता.

तारेचे काळे आवरण हातभर सोलल्यावर आत एक कडक दांडा आणि एक मऊ नळी निघाली. दांडा डब्याच्या बुडाशी स्क्रूने आवळण्यात आला. खांबावर तार ओढली गेली तर ताण या दांड्याने घ्यायचा, आतल्या काचेवर येऊ द्यायचा नाही. नळीत बारा रंगांच्या बारा बारीक तारा होत्या. त्यांचा क्रम ठरलेला असतो. पहिली निळी. दुसऱ्या रंगाला पुण्या-मुंबईकडचे लोक नारिंगी म्हणत असतील. इकडचे सांधेवाले तिला संत्रा म्हणतात. मग हिरवा, मग चॉकलेटी, असे पुढे. निळ्या तारेवर मागची गल्ली होती आणि आमची गल्ली संत्र्यावर होती.

हे सगळे सांधेवाला सांगत होता तेव्हा काका तिथे नव्हते. ते तिकडे जाऊन चहा प्यायला गेले होते.

निळ्या तारेचा सांधा पहिल्या फटक्यात झाला. दोन्ही टोके सोलायची, स्पिरिटने पुसायची, सरळ कापायची आणि सांधे जोडायच्या मशीनच्या दोन खाचांत समोरासमोर ठेवून झाकण लावायचे. आत एक ठिणगी पडते आणि काच काचेला मिळते. मशीनच्या छोट्या पडद्यावर आकडा उमटतो, उजेड किती गळेल याचा अंदाज. शून्याच्या पुढे आणखी एक शून्य आले की समाधान. आले. सांध्यावर नळी सरकवून ती गरम करून घट्ट बसवली आणि सांधेवाल्याने कंपनीच्या कचेरीत बसलेल्या माणसाला फोन लावला. दुसऱ्या टोकाकडून उजेड सोडणे त्याचे काम होते.

“निळा ओके. आता संत्रा दे.” काका त्याच वेळी चहा संपवून परतत होते. “संत्रा म्हनलं ना. नाही आला अजून. निळा नको गा, निळा झाला माहा. संत्रा पाठव.”

काका फाटकातच थांबले आणि मागे फिरले. परत आले ते मोठी पिशवी आणि ताट घेऊन. काटोलला त्यांच्या भावाची संत्र्यांची बाग आहे, तिथून आदल्याच दिवशी मृगाच्या बहाराची पेटी आली होती.

“आमच्या दारात बसून फोनवर संत्रा मागवून राहिले तुमी?” काका म्हणाले. आवाजात राग नव्हता, अपमान होता. “मले सांगायचं ना. काटोलचा आहे. तो तुमचा कोण पाठवून राहिला, कळमन्याच्या बाजारातला शिळा माल?”

शिडीवाला शिडीवरच हसायला लागला. सांधेवाल्याने तार उचलून दाखवली.

“काकाजी, हा संत्रा.”

काकांनी तार पाहिली, तिचा रंग पाहिला. “बरोबर आहे,” ते म्हणाले. “रंग पक्का आहे. पण आता आणलेच आहे तं घ्या.”

“इथं खायचं नाही म्हनलं ना.”

“आता नाही. काम झाल्यावर. सोलून ठेवतो.”

ते टेबलाजवळच्या खुर्चीत बसले. ताट मांडीवर घेतले. संत्र्याची पारख कशी करतात, ते त्यांनी सांधेवाल्याला समजावले, जरी तो नागपूरजवळच्या उमरेडचा असल्यामुळे त्याला ते ठाऊक होते. सालीत नख घालायचे. फवारा उडाला तर संत्रा ताजा, नाही उडाला तर व्यापाऱ्याच्या तोंडावर परत. काकांनी नख घातले. फवारा उडाला. उन्हात तो क्षणभर दिसलाही. “पाह्यलं?” काका म्हणाले. मग दुसरा संत्रा घेतला. फोडी सुट्या करून, पांढरे दोरे काढून, ते ताटात सहा माणसांच्या हिशेबाने लावत होते.

संत्र्याचा सांधा झाला तेव्हा मशीनवरचा आकडा वाईट आला.

सांधेवाल्याने तो तोडला, तुकडे चिमट्याने उचलून बाटलीत टाकले, टोके पुन्हा सोलली, पुसली, कापली. पुन्हा ठिणगी. या वेळी सांध्यात बुडबुडा दिसला. त्याने मशीनमध्ये फुंकर मारली, स्पिरिटची बाटली उजेडात धरून पाहिली. सॉकेटचा दाब कमी असेल, असे तो म्हणाला. माझ्या घरातला पंखा बंद करण्यात आला.

इथे अडचण अशी होती की प्रत्येक वेळी तोडले की तार तेवढी कमी होते. डब्याच्या आत ती ऐसपैस वळसे घेऊन ठेवावी लागते. वळसा आवळला गेला की उजेड बाहेर सांडतो. खांबावरून आलेल्या तारेला आणखी हिसका देऊन ओढण्याची सोय नव्हती. सांधेवाल्याने उरलेली लांबी बोटांनी मोजली आणि आवाज खाली आणून म्हणाला, “अजून दोनदा. त्याच्या पुढं अख्खी केबल नवी टाका लागते, मंग ते आज नाही होत.”

सून तेवढ्यात बाहेर आली होती. काखेत लॅपटॉप, गळ्यात हेडफोन. तीन वाजून गेले होते. तिने हे ऐकले. फाटकाची कडी उघडली आणि पुन्हा लावली.

“होते गं बाई,” काका म्हणाले. “माणूस हुशार आहे. टेन्शन नको घेऊ. फोड खाशील? तिकडं उभी राहून खा.”

“नको बाबा.”

तिसरा सांधा झाला. आकडा पहिल्यापेक्षाही वाईट होता. शिडीवाल्याचे म्हणणे पडले की मशीन जुने झाले आहे. मग त्याचे म्हणणे पडले की नजर लागली आहे. काकांना आकडा स्वतः पाहायचा होता. ते खुर्चीतून पुढे वाकले.

“काही समजून नाही राहिलं,” ते म्हणाले. “धुकट दिसून राहिलं.” त्यांनी चष्मा काढून सदऱ्याने पुसला आणि पुन्हा लावला. “आता तं अजूनच.”

काकूंनी चष्मा त्यांच्या नाकावरून काढून घेतला. काच बोटाने चोळली. बोट नाकाशी नेले.

“अजी,” त्या म्हणाल्या, “तुमच्या चष्म्याले संत्र्याचा वास येऊन राहिला.”

सांधेवाल्याने मशीनच्या झाकणाच्या आतून बोट फिरवले आणि तेही नाकाशी नेले. मग काकांच्या मांडीवरच्या ताटाकडे पाहिले. ताटापासून मशीनपर्यंत वारा वाहत होता, फार नाही, जेमतेम झुळूक.

“काकाजी,” तो म्हणाला, “इथं खायचं नाही म्हनलं होतं मी.”

“मी कोठी खाऊन राहिलो?” काका म्हणाले. “मी सोलून राहिलो.”

“हो, पन—”

“तुमी खाण्याचं सांगतलं. चहाचं मी स्वतः विचारून घेतलं. सोलण्याबद्दल काही होतं का त्यात? ह्यांना विचारा.” ह्यांना म्हणजे मला. सोलण्याबद्दल काही नव्हते, हे खरे होते.

“तीस वर्षं कचेरीत हेच केलं,” काकू म्हणाल्या. “कागद वाचायचा आन फवारा उडवायचा.”

काका काही उत्तर देणार होते. पण त्यांची नजर सुनेकडे गेली. ती हसत नव्हती. तिने डाव्या हाताची बोटे उजव्या मुठीत घट्ट धरली होती. काका थांबले. ताट खाली ठेवले, मग पुन्हा उचलले, कारण ते खाली ठेवणेही आता धोक्याचे वाटले असावे.

संत्र्याच्या सालीतल्या तेलाने सांधे बिघडले, हे सिद्ध झालेले नाही. जुने मशीन, कमी दाब आणि नजर यांचे दावे अद्याप खुले आहेत. एवढेच सांगता येते की काकांना रस्त्यापलीकडे, समोरच्या कडुनिंबाखाली जायला सांगण्यात आले. रस्त्यात आडवी टाकलेली खुर्ची उचलून त्यांनी नेली. मग दुचाक्या येऊ लागल्या, म्हणून शिडीवाल्याला माझी कुंडी आणून तिथे ठेवावी लागली. काका ताट मांडीवर घेऊन, पाठ सरळ ठेवून, कडुनिंबाखाली बसले. निलंबित झालेल्या माणसाप्रमाणे ते समोर पाहत होते.

मशीनच्या खाचा आणि आतले भिंग स्पिरिटने पुसायला वेळ लागला. सांधेवाला घाई करीत नव्हता. चार वाजत आले तेव्हा शिडीवाल्याने सूचना केली.

“भाऊ, असं करू. हा सांधा आला का लाइन चालू करून देऊ. डबा उघडाच वर बांधू, पिशवी लावून. मॅडमची मीटिंग होऊन जाईल. उद्या येऊन पॅक करू.”

सांधेवाला लगेच नाही म्हणाला नाही. त्याने पिशवीकडे पाहिले, मुंग्या अजून फिरत होत्या. रस्त्यापलीकडून काका ओरडले, “करा ना तसं. उद्या काय बिघडते?” त्यांना मनाला लागले होते, हे कोणालाही दिसत होते. सुनेची बैठक आपल्यामुळे बुडू नये, एवढाच त्यांचा आग्रह होता.

सून पायरीवर उभी होती. “नको,” ती म्हणाली.

“मॅडम, दहा मिनिटात चालू होते,” शिडीवाला म्हणाला.

“आज चालू होईल. वारा आला की परत जाईल. मी त्यांना काय सांगू, लाइन दुरुस्त झाली म्हणून? मग पुढच्या आठवड्यात परत तोंड उघडं ठेवून बसू?” ती सांधेवाल्याकडे वळली. “तुम्ही पूर्ण करा. डबा बंद करून, वर नीट बांधून. मी मोबाइलवरून बोलते.”

“मोबाइल घरात पकडत नाही बाई,” काकू म्हणाल्या.

“यांच्या गच्चीवर पकडतो.”

ती माझ्या गच्चीवर गेली. पुढचा अर्धा तास आम्ही बैठकीची एकच बाजू ऐकली. ती बहुतेक इंग्रजीत होती आणि तिच्यात ‘यस’ फार होते. काकू पोर्चमध्ये मान वर करून उभ्या होत्या. दर वेळी वरून ‘यस’ आले की त्या रस्त्यापलीकडे मान हलवायच्या, म्हणजे ठीक चालले आहे. ‘नो’ आले की हात थोपवल्यासारखा धरायच्या. काका त्या खुणांकडे डोळे लावून होते. चष्म्यावर तेल असल्यामुळे त्यांना नेमके किती दिसत होते, सांगता येत नाही.

चौथा सांधा झाला. मशीनवर शून्याच्या पुढे शून्य उमटले. सांधेवाल्याने आकड्याकडे पाहिले, नळी सरकवली, गरम केली. वरून सुनेचा आवाज आला. आता मराठीत, बहुधा पुण्याच्या बाई मराठीत बोलू लागल्या होत्या.

“नाही मॅडम, पिशवी काढली. आता डबा बसवतायत. हो, पाणी नाही जात. तार खालून आत जाते, पाणी तारेवरून खाली गळून जातं. थांबा, दाखवते.”

गच्चीच्या कठड्यावरून तिने फोन खाली धरला. त्या वेळी खाली जे दिसत होते ते असे. सांधेवाला संत्र्याची तार डब्यातल्या ट्रेमध्ये मोठा वळसा देऊन ठेवत होता. रबराच्या पट्ट्यावरून त्याने बोट फिरवले, तिथे चिकटलेला एक दोरा काढला, पुन्हा बोट फिरवले आणि मगच घुमट वर बसवून कडे आवळले. बुडाशी तारांच्या तोंडांवर आखडणारी नळी बसवून तो तिला गरम हवा देत होता. शिडीवाला पट्टा बांधून वर चढत होता. रस्त्याच्या पलीकडे एक म्हातारा मांडीवर संत्र्याच्या फोडींचे ताट घेऊन एकटा बसला होता.

“ते माझे सासरे,” सून फोनवर म्हणाली. थोड्या वेळाने, “नाही, शिक्षा नाही. म्हणजे, हो. थोडीशी.”

काकूंनी पदर तोंडाला लावला.

डबा वर गेला. विजेच्या तारांपासून पुरेसा खाली, हाताच्या टप्प्यापासून पुरेसा वर. जास्तीची तार मोठ्या गोल वेटोळ्यात खांबाला बांधली गेली. डब्यात शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोल ठेवला, पाणी त्या झोलावरून टपकून जावे म्हणून. सांधेवाल्याने फोन लावला. “दे संत्रा,” तो म्हणाला आणि लगेच रस्त्यापलीकडे हात केला. “तुमाले नाही काकाजी, बसा.”

लाइन आली. काकूंनी घरात जाऊन खात्री केली. सून गच्चीवरून उतरली आणि बैठकीचा उरलेला भाग तिने घरात, लॅपटॉपवर पुरा केला. शिडीवाल्याने टेबल ओल्या फडक्याने पुसले, फडके काचेच्या तुकड्यांच्या बाटलीबरोबर वेगळ्या पिशवीत बांधले. दोघांनी नळावर कोपरापर्यंत हात धुतले. खऱ्याची पुडी बाहेर आली. सांधेवाला निघण्याच्या घाईत नव्हता. त्याला निकाल ऐकायचा होता.

काका पलीकडेच होते. त्यांना परत बोलावण्याचा आदेश निघाला नव्हता आणि आदेशाशिवाय रुजू होणारे ते नव्हते.

सून दारात आली तेव्हा साडेचार होऊन गेले होते. काकूंनी नुसतेच तिच्याकडे पाहिले.

“नाही जायचं,” ती म्हणाली. “इथूनच कर म्हणाल्या.”

काकू दोन पावले मागे सरकल्या, मग फाटकाशी गेल्या आणि रस्त्यापलीकडे पाहून त्यांनी हात जोरात आडवा हलवला. नाही जायचं, असा त्याचा अर्थ होता. काकांनी तो हात पाहिला. ते ताट मांडीवरून खाली ठेवून खुर्चीत मागे टेकले.

त्याच वेळी त्यांचा फोन वाजला. मुलगा होता, चहाच्या सुटीत हिंगण्याहून. कारखान्यातल्या यंत्रांचा आवाज रस्त्याच्या या बाजूला ऐकू येत होता.

“हाव,” काका फोनमध्ये म्हणाले. “झालं. ... नाही जमलं रे बाबू. तुही आई हात हलवून राहिली. ... माहं चुकलं. मी संत्रा सोलून राहिलो होतो.” पलीकडून काहीतरी विचारले गेले. “सोलून. सोलून. ते तुले घरी आल्यावर सांगतो.”

सून फाटक उघडून, कुंडीला वळसा घालून रस्ता ओलांडून गेली. त्यांच्यासमोर उभी राहिली.

“बाबा, मी नाही चाललेय. राहायला सांगितलंय इथंच.”

काकांनी तिच्याकडे पाहिले, मग पलीकडे काकूंकडे. काकूंनी पुन्हा तोच हात हलवला, या वेळी रागाने.

“नाही जाऊन राहिली,” काका फोनमध्ये म्हणाले. “आयकलं का? ती. नाही जाऊन राहिली.” हिंगण्याला यंत्रे चालू होती. काका उभे राहिले. “नाही जाऊन राहिली, म्हणलं. पुण्याले. नाही. जाऊन. राहिली.” समोरच्या घराची खिडकी उघडली. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने हात थांबवून वळून पाहिले. शिडीवाला शिडी खांद्यावर घेऊन निघाला होता, तोही थांबला. गल्लीला निकाल असा समजला.

पलीकडून काय उत्तर आले ते कळले नाही. काकांनी थोडा वेळ ऐकले. मग फोन सुनेच्या हातात दिला, खुर्ची सदऱ्याच्या टोकाने पुसली आणि तिला बसायला पुढे सरकवली.